पुस्तकांची पेटी

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा खेड्यात गोपाळराव नावाचा एक मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत शेतीभाती आणि गुरेढोरे यांच्या सहवासात वाढत होता. गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेत त्याचा जन्म झालेला होता, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा. अक्षरांशी त्याची ओळख नव्हती. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला. ज्या वयात इतर मुले पोथी अस्खलित वाचू लागतात, त्या वयात या राजाने धुळाक्षरे गिरवावयास प्रारंभ केला; आणि मग इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्याला एकदमच शिकाव्या लागल्या. १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती आली तेव्हा सयाजीराव चांगले वाचक झाले होते, आणि पुढे आयुष्यभर त्यांचा ग्रंथसंग्रह वाढतच गेला. उशिरा मिळालेल्या वस्तूचे मोल माणूस सहसा विसरत नाही. हिंदुस्थानातील ग्रंथालयांच्या इतिहासात बडोद्याला जे स्थान मिळाले, त्याचे एक मूळ या उशिरा झालेल्या अक्षरओळखीत असावे, असे मानावयास जागा आहे.

सयाजीरावांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ साली अमरेली भागात केला, आणि १९०६ साली ते शिक्षण साऱ्या संस्थानास लागू केले. त्या काळी ही गोष्ट किती धाडसाची होती, हे पुष्कळदा सांगितले जाते. तिच्यातून जी अडचण उभी राहिली, ती मात्र क्वचितच सांगितली जाते. मूल तीनचार इयत्ता शिकून शाळेबाहेर पडे आणि शेतावर किंवा बापाच्या धंद्यात शिरे. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. वाण्याच्या पुडीच्या कागदाखेरीज छापील अक्षर दृष्टीस पडण्याचा संभव नाही. अशा स्थितीत पाचसहा वर्षांत शिकलेले सारे पुसले जाई. सरकारने खर्च केला, मास्तरांनी कष्ट घेतले, मुलाने छड्या खाल्ल्या, आणि अखेर दस्तऐवजावर अंगठा उठला तो उठलाच. शाळेने दिलेली अक्षरे टिकवावयाची तर शाळेबाहेर वाचावयास काही तरी पाहिजे. आणि शाळेची सक्ती जेथे संपते तेथे दुसरी सक्ती चालत नाही. बारा वर्षांच्या मुलास पोलीस पाठवून शाळेत बसविता येईल. वीस वर्षांच्या शेतकऱ्यास रात्री दिव्याजवळ बसवून पुस्तक वाचावयास लावील असा कायदा कोणत्याही राजाला करता आलेला नाही. त्याला पुस्तक आवडले तरच तो वाचणार. मनोरंजक पुस्तकांचा प्रश्न येथे राज्यकारभाराचा प्रश्न होऊन बसला.

१९१० साली सयाजीराव अमेरिकेत गेले होते. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी विल्यम अ‍ॅलॅन्सन बोर्डेन या ग्रंथपालास बडोद्यास येण्याचे आमंत्रण दिले. बोर्डेन हे न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात काम करीत होते, आणि त्याआधी बॉस्टनच्या अथेनियममध्ये प्रसिद्ध ग्रंथपाल कटर यांच्या हाताखाली तयार झालेले होते. ते बडोद्यात जेमतेम तीन वर्षे राहिले. १९१३ साली परत गेले. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी केली, ग्रंथांच्या वर्गीकरणाची स्वतःची पद्धती बसविली, ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला, आणि त्यांच्या कारकिर्दीतच इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर व त्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम चालविले. मुलांसाठी चित्रांच्या पुस्तकांचे व खेळांचे वेगळे दालन झाले. स्त्रियांसाठी स्वतंत्र वाचनालय निघाले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाचे व चलच्चित्रांचे खेळ गावोगाव नेण्यात आले. पुढे मध्यवर्ती ग्रंथालयास जी इमारत मिळाली, तिच्यातील लोखंडी मांडण्या आणि मजल्यामजल्यांतून उजेड उतरावा म्हणून बसविलेल्या जाड काचेच्या फरश्या पाहावयास लोक आजही जातात.

तथापि मोठ्या शहरात मोठे ग्रंथालय उभारणे हे पैशाने होणारे काम आहे. अवघड काम खेड्यातले होते. या बाबतीत केवळ परदेशी तज्ज्ञावर सारे श्रेय टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. बोर्डेनसाहेब येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, चरोतर भागातील मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळाच्या नावाने लहान लहान वाचनालये काढावयास सुरुवात केली होती. पुढे संस्थानने त्यांनाच ग्रंथालय खात्यात घेतले, हे सयाजीरावांच्या गुणग्राहकतेला शोभण्यासारखेच झाले. खेड्यातील वाचनालयासाठी नियम असा ठरला की, गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी व तेवढीच सरकारने. गावाचा एक रुपया येणेप्रमाणे तीन रुपये होई. परंतु पहिला रुपया गावाने काढल्याखेरीज उरलेले दोन हालत नसत. देणगी आणि जबाबदारी यांची इतकी साधी सांगड पुढच्या काळातही फारशी पाहावयास मिळत नाही.

आणि ज्या गावाची तेवढीही ऐपत नव्हती तेथे पेटी जात असे. फिरत्या पुस्तकालयाची ही पेटी म्हणजे एक भक्कम लाकडी खोका. आत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके. रेल्वेचे अथवा गाडीचे भाडे जातायेता सरकार भरी. गावातील शिक्षक किंवा दुसरा एखादा भरवशाचा गृहस्थ पेटीची जबाबदारी घेई, तीन महिन्यांपर्यंत पुस्तके गावात फिरत, आणि मग ती पेटी परत जाऊन दुसरी येई. वाचकाकडून पैसा घेतला जात नसे.

या पेटीचा थोडा विचार करावयास हवा. शहरातील ग्रंथालयात हजारो पुस्तके असतात. त्यांतील शेकडो कोणी उघडली नाहीत तरी कपाटाची शोभा राखतात. वीसपंचवीस पुस्तकांच्या पेटीत असे शोभेचे पुस्तक परवडत नाही. त्याच पेटीत गावच्या पाटलासाठी काही हवे, मिसरूड फुटू लागलेल्या त्याच्या मुलासाठी काही हवे, आणि नुकतेच जोडाक्षर लावू लागलेल्या नातवासाठीही हवे. यांपैकी एकाही वयाच्या माणसाला पेटी नीरस वाटली तर पुढच्या खेपेस तो वाचनालयाच्या ओट्याकडे फिरकणार नाही, आणि त्याची अक्षरे हळूहळू जावयाची ती जातीलच. पुस्तकांची निवड ही खरोखर कसोटीची गोष्ट आहे, ती अशा पेटीपाशी कळते. लाख ग्रंथांच्या संग्रहात निवड करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तेथे सारेच मावते.

बडोद्यात मराठी माणसे पुष्कळ होती, गुजराती प्रजा तर बहुसंख्य होती. म्हणून पेट्या दोन्ही भाषांतल्या पुस्तकांच्या करावयाच्या. मराठी वाचकापुढे ठेवण्याजोगे, त्याला रात्री जागवील असे काय त्या काळी मराठीत छापलेले होते, याचा शोध घेऊ लागले म्हणजे मराठी मनोरंजक ग्रंथांचा एक शतकाचा इतिहास उलगडू लागतो. आणि त्याचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झालेला आहे, हे पाहून कौतुक वाटते.

तंजावरचे सरफोजीराजे यांनी आपल्या राजधानीत देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला, आणि १८०६ च्या सुमारास तेथे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाले. सख्खण पंडित हे त्याचे कर्ते. पुण्यात त्या वेळी पेशवाई चालू होती आणि छापलेले मराठी पुस्तक म्हणजे काय, हे तेथे फारच थोड्यांना ठाऊक होते. कावेरीच्या काठी मात्र मराठी मुलासाठी कोल्ह्याची व द्राक्षांची गोष्ट छापली जात होती! त्यानंतर कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे मिशनरी विल्यम केरी यांनी नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ व १८१५ साली ‘हितोपदेश’ ही पुस्तके मोडी लिपीत छापली. मराठी मुद्रणाच्या पाळण्यातच राजा विक्रम, बोलक्या पुतळ्या आणि धूर्त जनावरे येऊन बसली, ती अशी. मुंबईत हे काम सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी हाती घेतले. ‘बाळमित्र’ आणि इसापाच्या नीतिकथा ही त्यांची पुस्तके १८२८ सालची, आणि ‘वेताळ पंचविशी’ १८३० सालची. छत्र्यांची भाषा आजही वाचावयास गोड लागते. पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेल्या गद्याला असा गोडवा राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या पुस्तकांवर एक अट मात्र सुरुवातीपासून लादलेली होती. गोष्ट संपली की तात्पर्य आलेच पाहिजे. शाळाखात्याच्या दृष्टीने गोष्ट हे औषधावरचे मधाचे बोट होते. औषध म्हणजे तात्पर्य. मुलांचा अनुभव याच्या उलट होता. ती मध तेवढा चाटीत आणि तात्पर्य ओलांडून पुढच्या गोष्टीवर उडी घेत. वडीलधाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. आपणही लहानपणी तेच केले होते, एवढे त्यांना आठवत नव्हते इतकेच.

मोठ्यांच्या वाचनाची अवस्था याहून निराळी नव्हती. रत्नागिरीस १८२८ साली, नाशिकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली ग्रंथालये निघाली. ‘नेटिव जनरल लायब्ररी’ असे त्यांच्यापैकी कित्येकांचे नाव असे. इंग्रज अधिकाऱ्यांचा आश्रय, चार सरदारांच्या देणग्या आणि शिकलेल्या मंडळींची वर्गणी यांवर ती चालत. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादींसारख्यांचा हात होता, आणि लोकांनी ज्ञान मिळवावे ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु ज्ञान म्हणजे भूगोल, अर्थशास्त्र, इतिहास, चरित्रे. करमणूक हा शब्द त्या मंडळींच्या तोंडी सहसा निंदेनेच यावयाचा. वाचक मात्र भूगोलाकडे पाठ फिरवून गोष्टींकडे वळत होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणावयास घेतल्या, त्या विष्णुशास्त्र्यांनी व इतरांनी पुढे चालविल्या, आणि कृष्णशास्त्र्यांच्या व्याकरणापेक्षा आणि तर्कशास्त्रापेक्षा त्या गोष्टींनीच त्यांचे नाव घरोघर नेले. ज्यांच्या विद्वत्तेविषयी कोणी शंका घेऊ शकत नव्हता अशा शास्त्र्याने सिंदबादचे गलबत मराठीत आणले, म्हणूनच पुष्कळ घरांत ते पुस्तक उघडपणे वाचता आले असेल. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’तून रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ येऊ लागली आणि ऐतिहासिक कादंबरीस प्रारंभ झाला.

करमणुकीवरचा हा कलंक ज्याने धुऊन काढला, त्याने आपल्या पत्राचे नावच ‘करमणूक’ ठेवले. हरि नारायण आपटे यांनी हे साप्ताहिक १८९० साली काढले आणि १९१७ पर्यंत चालविले. घरातील सर्व माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी, वाचावे असे पत्र काढणे ही त्या काळात नवी कल्पना होती. पहिल्याच वर्षी त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमू नावाच्या मुलीची ती कहाणी: तिचे बालपण, लग्न, सासर, वैधव्य. केशवपनाविषयी व बालविवाहाविषयी सभांतून व वर्तमानपत्रांतून त्या वेळी इतका वाद चाललेला होता की, ऐकणाऱ्याचे कान किटावेत. १८९१ सालचे संमतिवयाचे बिल तेव्हा तोंडावर होते. वादात दोन पक्ष पडतात आणि ज्याचा पक्ष त्याच्यापाशी राहतो. यमूच्या गोष्टीत पक्ष घ्यावयास जागाच नव्हती. आठवड्यास एक याप्रमाणे तिचे दिवस वाचकापुढे येत, आणि सुधारकांचे नाव काढले तरी ज्यांच्या कपाळी आठी पडे, त्यांच्याही घरातील स्त्रिया यमूचे पुढे काय होते म्हणून अंकाची वाट पाहत. मनोरंजन म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणणारास या एका कादंबरीपुढे निरुत्तर व्हावे लागते.

पुढे १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’ काढले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ याच सुमारास पुस्तकरूपाने आले. १९०७ साली विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केला. वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत जातो आणि १८५७ च्या धामधुमीत सापडून झाशीचा वेढा आतून पाहतो. अशी कादंबरी कोणी रचली असती तर अतिशयोक्ती म्हणून हसण्यावारी नेली गेली असती. मोठ्या माणसांसाठी पेटीत पहिले पुस्तक कोणते ठेवावे असे कोणी विचारल्यास गोडसेभटजींचे नाव निःशंकपणे सांगावे. इतिहासाची आवड असलेल्याला त्यात इतिहास मिळतो. नसलेल्याला चोर, संकटे, तीर्थक्षेत्रे आणि भुकेच्या वेळी मिळालेल्या जेवणांची वर्णने मिळतात. बोर्डेन बडोद्यास आले तेव्हा मराठी पेटी भरावयास येणेप्रमाणे पुरेसा माल तयार झालेला होता.

लहान मुलांसाठीही पूर्वीसारखा दुष्काळ राहिला नव्हता. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते नेमाने चालविले. सोपे लिहिणे किती अवघड आहे, हे ओकांची पाने वाचून समजते. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ निघाले. ‘बालबोध’ आणि ‘आनंद’ ही दोन नावे एकापुढे एक ठेवली तरी पंचवीस वर्षांत काय पालटले होते, ते ध्यानात येते. आधी मुलाला बोध द्यावयाचा होता. आता त्याला आनंद द्यावयास हरकत नव्हती. बडोद्याच्या शेजारी, काठेवाडात भावनगर येथे, गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मुलाला गोष्ट सांगावयाची ती आनंदासाठीच, हे त्यांचे म्हणणे त्या वेळी पुष्कळांना धक्का देणारे वाटले. त्यांच्या या कार्यात मराठी ताराबाई मोडक सहभागी झाल्या आणि ती दृष्टी त्यांनी पुढे महाराष्ट्रात आणली. तात्पर्याचे शेपूट गोष्टीवरून गळून पडावयास तंजावरपासून भावनगरपर्यंत शंभरावर वर्षे लागली, आणि ते पूर्णपणे गळले आहे असे आजही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

सर्वांत उपेक्षा झाली ती मधल्या वयाची. बारा ते सोळा या वयातील मुलगा बालमासिकास नाक मुरडतो आणि मोठ्यांच्या कादंबरीतील प्रेमप्रकरणे घरचे त्याला वाचू देत नाहीत. या मुलांनी आपली सोय आपणच करून घेतली. हरिभाऊंच्या ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्या त्यांच्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या, पण त्यांनी त्या बळकावल्या. नाथमाधवांची ‘वीरधवल’ त्यांनीच झिजविली. गोविंद नारायणशास्त्री दातारांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ या रहस्यकथांतील भुयारे आणि गुप्त दरवाजे यांनी किती अभ्यासाची पुस्तके झाकून टाकली, त्याची गणती नाही. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांना मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत मानाचे पान मिळाले नाही, तरी गल्लीबोळातील भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये त्यांच्याच बळावर उभी होती. अशा पुस्तकांविषयी शिष्ट मंडळी नापसंती दाखवितात. ती सर्वस्वी अकारण आहे असे नाही, कारण त्यांतील बरीच भराभर लिहिलेली होती. परंतु ज्या मुलाने एका रात्रीत शंभर पाने वाचली, त्याच्या डोळ्यांना ओळीवरून धावण्याची सवय लागली, आणि ती सवय पुढे ज्ञानेश्वरीच्या टीकेलाही उपयोगी पडते. सक्तीच्या शाळेला जे साधले नव्हते ते काळ्या पहाडाने साधले, असे म्हणणे विनोदाचे वाटले तरी खोटे नाही. १९३५ साली ‘श्यामची आई’ आली आणि या वयाला त्याचे स्वतःचे असे पुस्तक मिळाले. त्यानंतर भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा किडकिडीत मुलगा नाथमाधवांच्या वीरांसारखा तलवार चालवीत नाही, सायकल चालवितो, आणि म्हणून वाचणाऱ्याला आपल्याच वर्गातला वाटतो.

बडोद्याने ग्रंथालयांसाठी ग्रंथ नुसते विकत घेतले नाहीत, लिहवूनही घेतले. देशी भाषांतील ग्रंथरचनेसाठी सयाजीरावांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्यातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ व मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ अशा दोन माला गुजराती व मराठीत निघाल्या. त्यांत शास्त्रे, चरित्रे, इतिहास यांचा भरणा अधिक आहे, आणि ते स्वाभाविक होते. सरकारी निधीतून विनोद लिहवून घेणे कठीण असते. पण योगायोग असा की, मराठीतील सर्वांत निर्मळ विनोद याच बडोद्यात, संस्थानच्या एका नोकराच्या हातून, कोणाच्याही आज्ञेवाचून लिहिला गेला. चिंतामण विनायक जोशी हे बडोदे कॉलेजात पाली भाषा शिकवीत आणि पुढे संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी होते. जातककथांचा हा व्यासंगी अभ्यासक फावल्या वेळात चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या फजितीच्या कथा लिहीत असे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ साली आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. ज्या तीन वयांसाठी पेटी भरावयाची, त्या तिन्ही वयांना एकाच पुस्तकाने हसवावे, असे मराठीत क्वचितच घडले आहे. लहान मुले गुंड्याभाऊच्या धडपडीला हसतात, तरुण चिमणरावाच्या भित्रेपणाला हसतात. आणि चिमणरावाच्या वयाला पोहोचलेला गृहस्थ हसता हसता मध्येच जरा थांबतो. पुढे १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने ही जोडी पडद्यावर आणली, तेव्हा ज्यांनी पुस्तक पाहिले नव्हते त्यांनी ग्रंथालयात जाऊन ते मागितले तर नवल नाही.

त्याच दशकात ‘स्मृतिचित्रे’ही प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई टिळक यांचे शिक्षण लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे तुटक तुटक झाले. कवळाण्याच्या मुलासारखीच त्यांनाही अक्षरे उशिरा भेटली. असे असूनही, किंवा असे असल्यामुळेच, त्यांच्या गद्यात छापील भाषेचा वारा लागलेला नाही. सोवळ्याच्या वेडापायी सारे घर वेठीस धरणारे त्यांचे वडील, घर सोडून वारंवार निघून जाणारे कवी टिळक, आणि या सगळ्यात न संपणारे लक्ष्मीबाईंचे हसू. हे पुस्तक मोठ्यांच्या पेटीत घालावयाचेच. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती ते पडले तर तिने ते अधिक जपून ठेवावे, अशी त्याची जात आहे.

बडोद्याची ही व्यवस्था एका राजाच्या इच्छेवर उभी होती. सयाजीराव १९३९ साली निवर्तले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० पासून बडोदे गुजरात राज्यात आहे. मध्यवर्ती ग्रंथालय आता गुजरात सरकारच्या व्यवस्थेखाली चालते. दरम्यान १९३१ साली मद्रासेत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते आणि ग्रंथ व वाचक यांची गाठ घालून देणे हेच ग्रंथालयाचे मुख्य काम होय, ही गोष्ट शास्त्र म्हणून मान्य झाली होती. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अनुदाने आली, वर्ग ठरले, तपासण्या सुरू झाल्या. ग्रंथालये वाढली हे खरे. परंतु गावच्या हिश्श्याचा तो पहिला रुपया पुष्कळ ठिकाणी मागे पडला, आणि कपाटांना कुलपे लागली. पुस्तके हरवू नयेत म्हणून ती वाचावयासच देऊ नयेत, हा विचार ग्रंथालयांइतकाच जुना आहे. बडोद्याच्या पेटीने तो कधी मानला नाही. पुस्तके हरविण्याचा धोका पत्करूनच ती दर तीन महिन्यांनी गाडीत चढत असे.

ती पेटी अलीकडे पुन्हा निघाली आहे, आणि ती नाशिकाहून निघाली. तेथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. एका पेटीत शंभर पुस्तके. पस्तीस जणांच्या आसपास वाचकांचा गट. कोणीतरी एकजण आपल्या घरात पेटी ठेवून घेतो आणि शेजारीपाजारी पुस्तके नेतात. वाचकांकडून पैसा घेतला जात नाही. चार महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि दुसऱ्याची पहिल्याकडे येते. राजा नाही, खाते नाही. देणगीदार पेटीचा खर्च देतात आणि पेटी फिरू लागते. नोकरीधंद्यासाठी परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनीही अशा पेट्या मागविल्या, आणि त्या दुबईपर्यंत जाऊन पोहोचल्या. तेथे ती उघडली जाते तेव्हा भोवती आजोबा, आई आणि मराठी अक्षरे अडखळत लावणारे नातवंड बसलेले असते, आणि प्रत्येकाला आपल्याजोगे पुस्तक त्या शंभरांतच शोधावयाचे असते.